गाडीचे दात

*

काष्टीच्या बैलबाजारात वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चौथीत होतो. व्यापारी बैलाची कितीही तारीफ करू दे, वडील आधी बैलाचा ओठ वर करायचे. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दात पाहिले की वय कळायचं आणि त्यावर व्यापाऱ्याला काही बोलता यायचं नाही. मग खांदा, मग खूर, मग चार पावलं चालवून चाल. भावाची गोष्ट सगळ्यांत शेवटी, आणि तीही रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून. भाव शेजाऱ्याला कळायचा नाही, दात मात्र साऱ्या बाजाराला दिसायचे.

नगरच्या पुणे रोडला आणि मनमाड रोडला जुन्या गाड्यांची दुकानं आहेत. तिथे भाव काचेवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला असतो. दात झाकलेले असतात.

*

भाच्याचा फोन. "मामा, गाडी बघितली. सिंगल हँड आहे. शोरूम कंडिशन. उद्या इसार देऊन टाकतो, नाहीतर जाईल."

ताईला दर आठवड्याला राहुरीहून नगरला दवाखान्यात आणावं लागतं. एसटीने तिला झेपत नाही, आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. म्हणून जुनी कार. बजेट साडेतीन लाख, त्यातले दोन लाख कर्जाचे.

मी म्हटलं, इसार देऊ नकोस. नंबर पाठव, फोटो नको. त्या रात्री शाळेची जुनी वही काढली आणि गाडीची काय काय माहिती कुठे कुठे सापडते ते लिहायला लागलो. ही टिपणं त्याच वहीतली आहेत.

*

आपल्याकडे गुंठाभर जमीन घ्यायची तर माणूस काय काय करतो! सातबारा काढतो, आठ-अ काढतो. इतर हक्कात बोजा आहे का ते बघतो. जुने फेरफार काढून जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते तपासतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घेतो. वाटण्या झाल्यात का, बहिणींचं नाव कमी केलंय का, विहिरीत हिस्सा किती, सगळं विचारतो. हे शहाणपण नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

तोच शेतकरी चार लाखांची गाडी घेताना टायरला लाथ मारतो, हॉर्न वाजवतो आणि पैसे मोजतो.

गाडीलाही सातबारा असतो, त्याला आरसी म्हणतात. मालकाचा अनुक्रमांक म्हणजे तिचे फेरफार. बँकेचं नाव म्हणजे इतर हक्कातला बोजा. आरटीओत लोक शब्दही तोच वापरतात : बोजा चढवला, बोजा उतरवला. फरक एवढाच की सातबारा वाचायला आजोबांनी शिकवलं होतं. आरसी वाचायला कुणी शिकवलं नाही.

*

एम-परिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की एवढं दिसतं : नोंदणीची तारीख, वाहनाचा प्रकार, इंधन, नोंदणी किंवा फिटनेस कुठवर, विमा कुठवर, पीयूसी कुठवर. मालकाचं नाव अर्धवट, मधे फुल्या. ही दहा मिनिटांची गोष्ट, तीही घरबसल्या.

भाच्याने पाठवलेल्या नंबराचं काढून पाहिलं. विमा संपून पाच महिने झाले होते. विकणारा फोनवर म्हणाला होता, विमा चालू आहे. मला तेवढं पुरेसं होतं. भाच्याला नव्हतं, म्हणून पुढची टिपणं.

*

"सिंगल हँड" हा शब्द तोंडी असतो, मालकाचा अनुक्रमांक आरसीवर छापलेला असतो. पहिल्या गाडीच्या आरसीवर अनुक्रमांक ३ होता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "घरातल्या घरात नाव बदललं होतं, सर." घरातल्या घरात दोनदा? असेलही. पण मग बोलताना सिंगल हँड म्हणू नये.

*

बोजा. हे टिपण नगरकरांसाठी मुद्दाम लांब लिहितो.

कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं नाव आपोआप जात नाही. कर्ज देणाऱ्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. अनेक जण शेवटचा हप्ता भरतात आणि विसरतात. गाडी विकायच्या वेळी आठवण होते.

आपला जिल्हा सहकाराचा. इथे गाड्यांची कर्जं फक्त मोठ्या बँकांची नसतात; पतसंस्थांची असतात, नागरी बँकांची असतात. आणि यातल्या काही बंद पडल्या आहेत. नगर अर्बन बँक १९१० साली स्थापन झालेली. रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. कर्ज देणारी संस्थाच बंद पडलेली असेल तर दाखला अवसायकाकडून आणावा लागतो. ते काम विकणाऱ्याचं आहे, घेणाऱ्याचं नाही. "तुम्ही गाडी न्या, दाखला मागून देतो" असं कुणी म्हणालं तर गाडी तिथेच राहू द्यावी. दाखला हातात येईपर्यंत गाडी कुठे पळून जात नाही.

*

आता मुख्य गोष्ट.

भाच्याने विचारलं, "मामा, गाडीची सरकारी तपासणी होतच असते ना? पासिंग?"

पासिंग ट्रकचं होतं, टेम्पोचं होतं, रिक्षाचं होतं, पिवळ्या पाटीच्या टॅक्सीचं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेसचा दाखला लागतो तो याच गाड्यांना. नव्या गाडीला दोन वर्षांचा, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. फॉर्म ३८. त्यात ब्रेक, स्टेअरिंग, दिवे, वायपर, रिफ्लेक्टर, सगळं बघायचं असतं.

पांढऱ्या पाटीच्या घरगुती कारचं तसं नाही. ती पूर्वी नोंदणीच्या दिवशी सरकारपुढे उभी राहायची. त्यानंतर एकदम पंधरा वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना. मधल्या काळात तिचे ब्रेक आहेत की नाहीत, चेसिस वाकली की नाही, हे पाहायला कुणीही अधिकारी येत नाही. दहा वर्षांच्या कारचा तपासणीचा इतिहास मागितलात तर सरकारच्या दप्तरात त्याचं उत्तर कोरा कागद आहे.

मी हे लिहून ठेवलं आणि बराच वेळ वही मिटली नाही. आपण सगळे समजतो की कुणीतरी बघत असेल. कुणी बघत नाही. तो इतिहास तुकड्या-तुकड्यांनी दुसऱ्यांच्या दप्तरात पडलेला असतो : विमा कंपनीकडे, सर्व्हिस सेंटरकडे, पोलिसांकडे, आणि गाडीच्या पत्र्यावर. घेणाऱ्याने तो गोळा करायचा.

*

नगरच्या वेशीजवळ संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. देशात कुठलीही नवी गाडी बाजारात आणायची तर तिचा नमुना आधी मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये त्या संस्थांची नावं आहेत, आणि त्यातलं पहिलंच नाव आपल्या व्हीआरडीईचं आहे. पुण्याच्या एआरएआयचं नाव त्यानंतर येतं.

म्हणजे देशातल्या गाडीच्या जन्माआधीची कडक परीक्षा जिथे होते, ते हे शहर. जन्मानंतरच्या पंधरा वर्षांत मात्र याच शहरातल्या कारला कुणी तपासत नाही. नमुना पास झाला होता तो कंपनीचा. आपण घेतो ती गाडी सात वर्षं कुणीतरी चालवलेली असते.

*

फिटनेसच्या दाखल्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवण्यासारखं नव्हतं. पुण्याचे श्रीकांत कर्वे यासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. गाडी प्रत्यक्ष चालवून ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक लागतो, तो अनेक आरटीओ कार्यालयांकडे नव्हता, तरी दाखले दिले जात होते. न्यायालयाने २०१६ साली बजावलं. पुढे २०१७ च्या नोव्हेंबरपासून ट्रॅक नसलेल्या कार्यालयांतलं फिटनेसचं काम थांबलं. ट्रक-टेम्पोवाल्यांची तेव्हा फार ओढाताण झाली हे खरं. पण ब्रेक न तपासता ब्रेक ठीक असल्याचा कागद देणं हे त्याहून वाईट होतं. कर्व्यांचे उपकार रस्त्यावरच्या प्रत्येकावर आहेत.

२०२१ साली केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले. नाशिकला असं केंद्र त्याआधीच उभं राहिलं होतं. यंत्रावर चाक फिरतं, ब्रेकचा जोर आकड्यात छापून येतो. तो आकडा निरीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो, हे त्याचं मोल.

जुना पिकअप किंवा छोटा हत्ती घेणाऱ्यांसाठी : फक्त चालू फिटनेस बघू नका, मागचे सगळे दाखले मागा. तारखा ओळीने लावा. मधे आठ-दहा महिन्यांची फट दिसली तर त्या काळात गाडी काय करत होती ते विचारा. अपघातात उभी होती, जप्त होती, की विनापासिंग पळत होती?

*

पीयूसी. छोटं टिपण. तो धुराचा कागद आहे, गाडीचा नाही. पीयूसी ताजी आहे याचा अर्थ त्या दिवशी धूर मर्यादेत होता. ब्रेकशी, चेसिसशी त्याचा संबंध नाही.

*

विम्याच्या पॉलिसीवर एक छोटा रकाना असतो, नो क्लेम बोनस. मला तो सगळ्या कागदांतला सर्वांत बोलका वाटतो.

एक वर्ष क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. क्लेम घेतला की पुन्हा शून्य. आता हिशोब करा. सहा वर्षांची गाडी, पहिल्यापासून एकच मालक, विम्यात कधी खंड नाही, आणि बोनस २० टक्के. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या आसपास काहीतरी झालंय. आरशाची काच फुटली असेल किंवा सगळी पुढची बाजू बदलली असेल. काय झालं ते विचारायचं आणि क्लेमचं बिल मागायचं. खरा माणूस बिल काढून देतो.

दुसऱ्या गाडीचं असंच निघालं. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, फार सज्जन. त्यांनी स्वतःहून फाईल पुढे केली. बोनस शून्य होता. "गेल्या वर्षी केडगावजवळ मागून टेम्पोने ठोकली," म्हणाले, आणि बिल दाखवलं. डिकी, बंपर, मागची पट्टी. फाईल इतकी नीट होती की तिच्यावरच विश्वास बसला. ती गाडी आम्ही दुसऱ्याच कारणाने सोडली (ताईला तिच्यात चढता येत नव्हतं), पण त्या फाईलची आठवण राहिली. प्रत्येक पॉलिसी, प्रत्येक पावती, तारखेप्रमाणे टोचलेली.

हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. गाडी आपल्या नावावर आली की आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. भाच्याने विम्याचा खर्च काढताना तो धरला होता, खोडायला लावला.

विमा संपलेला असेल आणि पुन्हा काढायचा असेल तर कंपनी गाडीची पाहणी करते, फोटो काढते, मीटरचा आकडाही टिपते. असा पाहणी अहवाल झालेला असेल तर मालकाकडे मागावा. घरगुती गाडीच्या आयुष्यातली ती एक खरीखुरी तपासणी असते.

*

मीटर. पहिल्या गाडीचा मीटर ४८,००० दाखवत होता. बोलता बोलता विकणारा सांगून गेला की आधीचे मालक सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होते, रोज नगरहून जायचे. नगर ते सुपा जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस, वर्षाचे १२ महिने : २१,०००. पाच वर्षांत १,०५,०००. गावाला जाणं, लग्नकार्यं, शिर्डी-तुळजापूर धरलंच नाही.

मी काही बोललो नाही. वहीतला गुणाकार भाच्यापुढे ठेवला. तिथे त्याचं मन फिरलं. विमा संपल्याने फिरलं नव्हतं, अनुक्रमांकाने फिरलं नव्हतं. त्याच्या आईला ज्या गाडीतून न्यायचं त्या गाडीचा मीटर कुणीतरी मागे फिरवलाय, हे त्याला सहन झालं नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसला मीटरचा आकडा लिहिला जातो. मालकाने मागितला तर तो इतिहास मिळतो. म्हणून मालकालाच सोबत घेऊन जायचं. जो मालक "वेळ नाही" म्हणतो त्याला वेळ होईपर्यंत आपणही थांबायचं. शिवाय ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरचं रबर, गिअरच्या मुठीवरची झीज, ड्रायव्हरच्या सीटची कड. ४८,००० किलोमीटरच्या गाडीचं रबर गुळगुळीत होत नाही.

*

शिर्डीची गाडी. मोठी सात-आठ आसनी गाडी स्वस्तात मिळते तेव्हा हे आठवावं. शिर्डी ते शनिशिंगणापूर, शिंगणापूर ते शिर्डी, दिवसातून दोन-दोन, तीन-तीन फेऱ्या, ड्रायव्हर बदलत, इंजिन गार न होता. त्यात नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे. अशा गाडीचा परवाना जमा करून, कराचा फरक भरून ती पांढऱ्या पाटीवर घेता येते. ते कायदेशीर आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती न सांगण्यात.

तिचा एक फायदाही आहे. टॅक्सी असताना तिचं पासिंग झालेलं असतं. जुने फॉर्म ३८ मागा. घरगुती गाडीकडे नसलेला इतिहास हिच्याकडे आहे.

*

सीएनजी. किट नंतर बसवलेलं असेल तर आरसीवर इंधनापुढे सीएनजीची नोंद हवी. ती नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. आणि टाकी : दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी व्हायला हवी, तिचं प्रमाणपत्र असतं. डिकीतला गालिचा उचलून तारीख बघा. ही दोनशे बारच्या दाबाची गोष्ट आहे, आणि ती मागच्या सीटवर बसणाऱ्या लेकरांच्या पाठीशी असते.

*

चाचांचं गॅरेज. नगरमध्ये तीस वर्षं गाड्या उघडतायत. शिकवायला मी शाळेत होतो, पण समजावून सांगावं ते चाचांनी.

"सर, गाडी सकाळी बघायची. गार. आधीच गरम करून ठेवली असेल तर समजायचं काहीतरी लपवलंय."

बॉनेट उघडलं. मडगार्डच्या बोल्टवर बोट ठेवलं. कंपनीतून आलेल्या बोल्टच्या डोक्यावर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. दारांच्या बिजागरींचंही तसंच. खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. पुट्टी भरलेली असेल तिथे चुंबक धरत नाही. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणा बघितल्या : सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी, तर ती का बदलली? टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. मीटरवर कमी पळालेली म्हणून सांगितलेल्या गाडीला चौथा जोड टायर असेल तर हिशोब पुन्हा करायचा.

मग पेन्सिल मागितली. चेसिस नंबरावर पातळ कागद ठेवून ठसा घेतला, अगदी आपण लहानपणी नाण्याचा घ्यायचो तसा. आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवलं. "डोळ्यांनी वाचलं की माणूस जे हवं ते वाचतो. ठशात खाडाखोड दिसते."

शेवटी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. मी विचारलं, हे कशासाठी? "पुराची गाडी. सगळं धुतात, सीटा बदलतात. बेल्टची शेवटची वीत कुणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते." २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. पाण्यात बुडालेल्या हजारो गाड्या कुठेतरी गेल्याच असतील. विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून सोडलेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहू शकते. पाण्याची सावली वायरिंगमध्ये वर्षभराने दिसते.

चाचांनी पाचशे रुपये घेतले. साडेतीन लाखांच्या व्यवहारात पाचशे रुपये.

*

ट्रॅक्टर. हे टिपण गावाकडच्या पुतण्यासाठी.

जुन्या ट्रॅक्टरचं किलोमीटरवर नसतं, तासांवर असतं. तासाचा मीटर बंद असेल तर भाव निम्म्या माहितीवर ठरतोय हे ध्यानात ठेवायचं. शेतीच्या ट्रॅक्टरला मालवाहू गाडीसारखं ठरावीक मुदतीचं पासिंग नाही, म्हणून इथेही कागद कमी बोलतात.

प्रवरानगरचा कारखाना १९५० सालचा; हा जिल्हा उसाचा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि फक्त नांगरट-पेरणी केलेला ट्रॅक्टर एकाच सालचे असले तरी एक नव्हेत. मागे जाऊन हुकाचं भोक बघा. उसाच्या ट्रॅक्टरचं भोक घासून लांबट झालेलं असतं. आणि पीटीओचा दांडा मात्र कोरा असतो. शेतीच्या ट्रॅक्टरचं उलट.

*

माझी स्वतःची गोष्ट.

२०११ साली मी मोटारसायकल विकली. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, चहा पाजला. नाव बदलण्याचं काम घेणाऱ्याने करायचं ठरलं. काही वर्षांनी पुण्याहून माझ्या नावाने ई-चलान यायला लागली. पहिलं, दुसरं, चौथं. शोधत गेलो तर गाडी तिसऱ्या माणसाकडे होती, आणि आरटीओच्या दप्तरात अजून माझीच होती. ते निस्तरायला मला नगर-पुणे पाच खेपा पडल्या. दंड गेला त्याचं काही वाटलं नाही. त्या गाडीखाली कुणी सापडलं असतं तर, या विचाराने कित्येक रात्री झोप लागली नाही.

ती भीती खोटी नव्हती हे नंतर कळलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. २००९ सालचा अपघात. गाडी तोवर एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर ठेवली. ज्याचं नाव दप्तरात, तो मालक.

कायदा सांगतो : राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विकणाऱ्याने आपलं काम दुसऱ्यावर सोपवू नये. आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. दुपारी चारला गाडी दिली आणि सहाला अपघात झाला, तर त्या दोन तासांचं मोल कळतं.

दुकानातून घेणाऱ्यांसाठी : १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-क ने पोर्टलवर द्यावी लागते. ते प्राधिकारपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागावं. मागण्यात संकोच कसला?

*

चुलतभावाची मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिला फोनवर हे सगळं सांगत होतो. तिने बोलता बोलता आपल्या शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर टाकला आणि वाचून दाखवायला लागली : अमुक साली पास, मीटर इतका, पुढच्या वर्षी नापास, कारण पुढचा डावा टायर झिजलेला, दुरुस्तीनंतर पुन्हा पास, सूचना, मागच्या ब्रेकची नळी गंजतेय. फुकट. कुणाच्याही गाडीचं, कुणालाही.

तिथे ही तपासणी १९६० साली सुरू झाली, आधी दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना, आणि १९६७ पासून तीन वर्षं झालेल्या प्रत्येक गाडीला, दर वर्षी. बेल्जियमने २००६ पासून गाडी विकताना मीटरच्या आकड्यांचा अधिकृत दाखला देणं सक्तीचं केलं. जपानात नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला जाते.

या देशांतली माणसं आपल्याहून सच्ची आहेत असं मला वाटत नाही. मीटर तिथेही फिरवले जात होते, म्हणून तर कायदे आले. पण तिथे मीटरचा आकडा कुणीतरी लिहून ठेवतो आणि तो घेणाऱ्याला दिसतो.

*

पाट्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी लावायची आहे. पाटीवर लेसरने कोरलेला क्रमांक असतो. ती बसवलेली असेल तर बरं. नसेल तर विकणाऱ्याच्या नावावर असतानाच बसवून घ्यावी.

चोरीची शंका असेल तर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर गाडीचा, इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर टाकून पोलिसांच्या नोंदीत ती आहे का ते बघता येतं. एमएच १६ नगर, एमएच १७ श्रीरामपूर. पण नंबर जवळचा आहे म्हणून गाडी ओळखीची होत नाही.

*

पंधरा वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त का असते? २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. वर पर्यावरण कर, वर आरटीओची तपासणी. तीस हजार रुपयांनी स्वस्त पडली म्हणून घेतलेली गाडी वर्षभरात ते तीस हजार मागते.

*

तिसरी गाडी एका शिक्षिकेची होती. संगमनेरची. सात वर्षांची, ६१,००० पळालेली. पॉलिसींवर बोनस ओळीने वाढत गेलेला. सर्व्हिसचे आकडे मीटरशी जुळले. बोजा होता, बँकेचा दाखला फाईलमध्येच होता. आधी तो उतरवून आणा म्हटलं, त्यांनी बारा दिवसांत आणला. चाचांनी उजव्या दाराला पुट्टी आहे असं सांगितलं. बाईंना विचारलं तर लगेच म्हणाल्या, "शाळेच्या फाटकाला लागली होती, सर." किंमत त्यासाठी कमी मागितली नाही. खरं बोलणाऱ्याशी घासाघीस करावीशी वाटली नाही.

*

परिवहन खात्याला एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे. यंत्रावरच्या तपासणीचा निकाल आकड्यांत छापला जातो, तो वाहन पोर्टलवर सगळ्यांना दाखवा. पास की नापास एवढंच नको. का नापास, तेही हवं, आणि त्या दिवशीचा मीटरचा आकडाही हवा. घरगुती कारला पंधरा वर्षं वाट पाहायला लावू नका. पाच वर्षांनी एकदा तरी तिला त्या यंत्रावर उभी करा. व्हीआरडीईच्या या जिल्ह्यापासून सुरुवात केलीत तर आम्हा नगरकरांना त्याचा अभिमान वाटेल.

*

नवी आरसी काल पोस्टाने आली. मालकाचा अनुक्रमांक २. ताई उद्या तिच्याच गाडीने नगरला येतेय.